डमडम ते काळीघाट, चौदा ओळी

शकुन लेलेला कोलकात्यात कोणी शकुन म्हणत नाही. बंगालीत या शब्दाचा अर्थ गिधाड असा होतो, हे तिला इथल्या शाखेत रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. पहिले दोन दिवस लोक तिच्याशी जरा जपून वागत होते. तो आपल्या हुद्द्याचा दरारा, असं ती समजत होती. मग ती ‘लेले-दी’ झाली आणि गेली सहा वर्षं लेले-दीच आहे.

बँकेत तिचा लौकिक असा की दिवसाचं काम दिवसात हातावेगळं केल्याशिवाय ही बाई उठत नाही. विणकामात मात्र तिने आजवर एकही वस्तू पुरी केलेली नव्हती. दोष बदल्यांचा. अकोल्याला असताना तान्ह्या लेकीसाठी, सायलीसाठी स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, एक बाही झाली आणि नांदेडची ऑर्डर आली. तिथे सामान लागेपर्यंत सायली स्वेटरच्या बाहेर गेली होती. नांदेडला पायमोज्यांची जोडी घेतली; जोडीतला एक झाला, भोपाळ आलं. भोपाळला तिने शहाणपणा करून मफलर घेतला, कारण मफलर कुठेही थांबवला तरी मफलरच राहतो. पण तो दीड वितीवर थांबला, आणि दीड वितीच्या मफलरला काय म्हणायचं हे अजून ठरलेलं नाही.

हे सगळं घरातल्या घरात जिरलं असतं. पण सुलभाताई होत्या. सुलभाताई म्हणजे शकुनच्या नवऱ्याची, उदयरावांची थोरली बहीण. साताऱ्याच्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गेली वीस वर्षं त्या प्रत्येक भेटीत, पाणी पिऊन झाल्यावर आणि चहा यायच्या आधी, एकच प्रश्न विचारत आल्या होत्या, “काय गं शकुन, दुसरी बाही झाली का?” विचारत हसून. हसून विचारलेल्या प्रश्नावर रागावता येत नाही, हीच त्यातली मेख.

त्या वर्षी भाऊबीज नोव्हेंबरच्या मध्यावर आली. सुलभाताईंचा फोन आला. भावाशी बोलून झालं, भाचीशी झालं, मग भावजयीला म्हणाल्या, “जानेवारीच्या चार तारखेला येतेय मी, पंधरा दिवस. आमच्या उद्याने ओवाळणी चुकवलीय, ती वसूल करायला. तोवर बाही होईल ना?”

“बाही नाही होणार, ताई,” शकुन म्हणाली. “पण तुमच्यासाठी जाळीची शाल विणतेय. तुम्ही याल तेव्हा तयार असेल.”

त्या वेळी घरात शाल नव्हती, लोकर नव्हती आणि जाळीची वीण शकुनने आयुष्यात केलेली नव्हती. फोन ठेवल्यावर उदयराव म्हणाले, “अगं, कोणती शाल?” शकुनने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते फुलझाडांना पाणी घालायला गेले. झाडांना सकाळीच घातलं होतं.

पिस्त्याच्या रंगाची बारीक लोकर आली, बांबूच्या सुया आल्या. वीण अशी: रुंदीला एक्केचाळीस टाके, मधोमध एक मोठं पान, दोन्ही काठांना जाळी. उलट टाक्यांची भानगड नाही, दोन्ही बाजूंनी सुलटच विणायचं. प्रत्येक ओळीत जितकी भोकं पाडायची तितक्याच जोड्या एकत्र करायच्या, म्हणजे टाके वाढतही नाहीत, घटतही नाहीत. चौदा ओळींत एक पान पुरं होतं. खांद्यावरून नीट ओघळणारी शाल हवी तर अशी चाळीस पानं.

आता वेळ. शकुन राहायची डमडमला आणि शाखा होती बेहालाला. डमडमहून मेट्रोने काळीघाट, तिथून पुढे बस. दक्षिणेश्वरहून भरून येणारी गाडी सोडून दिली आणि डमडमहूनच सुटणारी धरली, तर बसायला जागा मिळते. डमडमनंतर काळीघाट हे चौदावं स्टेशन. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने हातातला चहा खाली ठेवला. चौदा स्टेशनं, चौदा ओळी. दोन स्टेशनांमध्ये दोन मिनिटं. एक्केचाळीस टाक्यांना तेवढी पुरतात, फक्त शेजारणीने गप्प बसायला हवं.

जुन्या डायरीच्या पुठ्ठ्यावर तिने वरपासून खालपर्यंत स्टेशनांची नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढे ती ओळ. आठवडाभरात पुठ्ठ्याची गरज उरली नाही. आठवी ओळ म्हणजे काय, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण गाडीत “पुढील स्टेशन एस्प्लनेड” अशी घोषणा झाली की बोटं आपोआप दोरा पुढे घेत. चांदनी चौकला दोन जोड्या, सेंट्रलला मधलं भोक, पार्क स्ट्रीटला पान निमुळतं व्हायला लागायचं. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत उभं राहायलाच जागा नसे, त्यामुळे दिवसाला एक पान. शाल म्हणजे तिचं हजेरीपुस्तकच झालं.

शेजारीण मात्र गप्प बसणारी नव्हती. डमडमलाच चढणाऱ्या शेफाली हालदार भवानीपूरकडच्या एका शाळेत इतिहास शिकवत. पहिल्या दिवशी त्यांनी ते विणकाम चिमटीत धरून पाहिलं. त्याच्या जाळीतून पलीकडचा दरवाजा दिसत होता.

“ओ मा! लेले-दी, इसमें तो पूरा छेद है!”

“डिझाइनच तसं आहे,” शकुनने हिंदीत समजावलं.

“लेकिन ठंडा घुस जाएगा ना!” हालदारबाईंनी हे इतक्या कळवळून सांगितलं की समोरच्या बाकावरच्या तिघींनी आपापले मफलर घट्ट केले. बाहेर बावीस अंश होते. या गावात थंडी पडत नाही, ती पाळली जाते.

पुढे मात्र तो अख्खा बाक शालीचा झाला. गिरीश पार्क आलं आणि ओळ संपली नसेल तर समोरच्या तिघींपैकी एखादी काळजीने पुढे वाकायची. एकदा बेलगाछियाच्या पुढे हालदारबाई सहज म्हणाल्या की तुम्हा मराठी लोकांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने आमच्या लोकांनी बागबाजारपासून शहराभोवती खंदक खणायला घेतला होता.

“मग?” शकुनने टाके मोजत विचारलं.

“मग काय, तुम्ही आलाच नाही. खंदक अर्धाच राहिला.”

“अर्धाच?”

“अर्ध्याहून कमी. मग बुजवून रस्ता केला.”

शकुनला त्या खंदकाबद्दल एकदम आपुलकी वाटली. कोलकात्यातल्या एखाद्या वास्तूविषयी तिला असं काही पहिल्यांदाच वाटत होतं, आणि ती नेमकी बुजवलेली निघाली.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत बावीस पानं झाली. आणि बावीस पानांवर ऑर्डर आली.

बदली गावाबाहेर नव्हती. उलट प्रादेशिक कार्यालयातल्या साहेबांनी स्वतः फोन केला, “लेले मॅडम, तुमच्यासाठी खास डमडम शाखा काढली. घरापासून सात मिनिटं, चालत. आता म्हणा, बँक माणसांचा विचार करत नाही!” शकुनने आभार मानले. तिचा आवाज ऐकून साहेबांना वाटलं, बाईंना गहिवरून आलंय.

घरी पेढे आणले गेले. उदयराव सरकारी विमा कंपनीतून मुदतीआधी निवृत्त होऊन तीन वर्षं घरी होते. ते म्हणाले, “रोजचे दोन तास वाचले. आता विण की निवांत, घरी बसून.”

शकुन सकाळी, शाखेत जायच्या आधी, घरी बसून विणू लागली. सोमवारी सात टाके झाले आणि उदयराव आले.

“अगं, माझा चष्मा?”

“डोळ्यांवर आहे.”

“हा नव्हे, वाचायचा.”

मंगळवारी इस्त्रीवाला आला, पाठोपाठ सायली. सायली कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. तिचं मराठी गेल्या सहा वर्षांत हवापालटाला गेलेलं. “आई, माझा ओढणी कुठे ठेवली तू? आणि हा काय आहे, जाळं? मासा पकडणार?” बुधवारी शेजारच्या काकू नव्या गुळाची संदेश मिठाई घेऊन आल्या आणि जाताना थंडीत भोकं असलेलं काही न घालण्याबद्दल बजावून गेल्या. गुरुवारी सगळे आपापल्या कामाला गेले. दार बंद झालं, घर शांत झालं. शकुनने सुया उचलल्या आणि तिला ओळ आठवेना. स्टेशन सांगायलाच कोणी नव्हतं. डोळे मिटून “शोभाबाजार, शोभाबाजार” असं पुटपुटून पाहिलं, तर परत आलेल्या उदयरावांनी विचारलं, “कोणाशी बोलतेयस?”

आठवड्याअखेर हिशेब असा: एक ओळ, तीही चुकलेली. ती उसवली. आता अठरा पानं उरली होती आणि कामाचे दिवस दहा. बावीस पानांची घडी मांडीवर घेऊन ती बसली, तेव्हा ते विणकाम तिला ओळखीचं वाटलं. अकोल्याची पाठ, नांदेडचा मोजा, भोपाळची दीड वीत, सगळी याच वयात गेली होती.

सोमवारी ती सकाळी आठ दहाला, पूर्वीच्याच वेळेला, डबा घेऊन निघाली.

“एवढ्या लवकर?” उदयराव म्हणाले.

“नव्या शाखेत लॉकरच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. नऊच्या आत उघडावं लागतं.”

उदयरावांनी आयुष्य ज्या कचेरीत काढलं होतं तिथे अकराच्या आत येणाऱ्याकडे लोक संशयाने बघत. बँकेच्या शिस्तीबद्दल त्यांच्या मनात नुसता आदर दाटून आला.

शकुन सात मिनिटांवरच्या शाखेकडे पाठ फिरवून मेट्रोत शिरली. बाकावर जागा राखलेली होती. “लेले-दी! बदली हो गया बोला था ना?” हालदारबाई ओरडल्या. शकुनने काय ते खरं सांगितलं. नवऱ्याला जे सांगता येत नाही ते डमडमच्या गाडीत अनोळखी बायकांना सांगता येतं. बाक खूश झाला. सहा वर्षांत लेले-दींनी केलेली ही पहिली गैर गोष्ट होती.

काळीघाटला एक पान पुरं झालं. ती रीतसर बाहेर पडली, भांडातला, म्हणजे मातीच्या कपातला, चहा प्याली, पुन्हा आत आली आणि उत्तरेकडची गाडी धरली. ती जवळजवळ रिकामी होती. इथे तिने साधा हिशेब केला: एकेरी विणलं तर सुलभाताई दारात उभ्या राहतील तेव्हा पानं होतील बत्तीस. परतीतही विणलं तर चाळीस. “पुढील स्टेशन जतीन दास पार्क,” घोषणा झाली. बोटांनी दोरा पुढे घेतला. दहाला पाच कमी असताना ती शाखेत होती, आणि पिशवीत एका दिवसाची दोन पानं होती. असा नफा तिने बँकेतही पाहिला नव्हता.

पाच दिवस हे बिनबोभाट चाललं. सहाव्या दिवशी डबा घरी राहिला.

उदयराव तो घेऊन पावणेनऊला शाखेत गेले. शटर बंद होतं. पहारेकरी टोपी कानावर ओढून बसला होता. “मॅडम? मॅडम तो दस बजे आती हैं, रोज.” उदयराव डबा घेऊन घरी परत आले आणि त्या दिवशी त्यांनी फुलझाडांना तीनदा पाणी घातलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. रोज पावणेदोन तास, हा आकडा काही केल्या कुठल्या रकान्यात बसेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठलाग केला. ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी विटकरी रंगाची, फक्त डोळे दिसणारी माकडटोपी घातली. कोलकात्यात डिसेंबरात याहून सुरक्षित वेश नाही. मेट्रोच्या त्या डब्यात तशी अकरा माणसं होती. ते खांबाला धरून उभे राहिले आणि बायकांच्या बाकाकडे पाहत राहिले. तिथे त्यांची बायको चार बायकांच्या वेढ्यात मान खाली घालून बसली होती.

महात्मा गांधी रोडनंतर हालदारबाई कुजबुजल्या, “लेले-दी, इधर मत देखना. वो मंकी टोपीवाला आदमी आपको कब से घूर रहा है. बोलूँ क्या कुछ?”

शकुनने ओळ पुरी केली, मगच वर पाहिलं. “नको. तो माझा नवरा आहे.”

चौघींनी एकदम माना वळवल्या. उदयरावांनी टोपी काढली. केस उभे राहिले होते.

“तू इथे काय करतेस?” त्यांनी मराठीत विचारलं, म्हणजे बाकाला कळू नये म्हणून. बाकाला सगळं कळलं.

“विणतेय.”

“किल्ल्या?”

“कसल्या किल्ल्या! दहाला जाते मी.”

“अगं, पण मग घरी विणायला काय झालं?”

“घरी तुम्ही सगळे असता.”

यावर उदयरावांना बरंच बोलायचं होतं. पण सेंट्रल आलं, “पुढील स्टेशन चांदनी चौक,” आणि हालदारबाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. चांदनी चौकला दोन जोड्या असतात.

परतीच्या गाडीत ते तिच्या शेजारी बसले.  लोकरीचा गुंडा आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाले, “ताईला सांगणार नाही मी. पण मला सांगायला हवं होतंस.” नेताजी भवन गेल्यावर पुन्हा म्हणाले, “मी काय काय विचार केले, माहितेय?”

“काय केलेत?”

“राहू दे. उगाच चढशील.”

तेव्हापासून उदयराव रोज परतीला काळीघाटला हजर. गुंडा सोडायचे आणि घोषणा ऐकू आली नाही तर स्टेशन सांगायचे, “आता मैदान. आता पार्क स्ट्रीट.” दोन जानेवारीला चाळिसावं पान डमडमला संपलं. तीन तारखेला सकाळी काळीघाटला जाता जाता शेवटची ओळ बंद झाली. शकुनने शेवटचा टाका ओवून दोरा तोडला. बाकाने टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं, कोणाला तरी नोकरी लागली.

जाळीचं विणकाम सुयांवरून उतरतं तेव्हा पिळलेल्या पोतेऱ्यासारखं दिसतं. ते ओलं करून, ताणून, काठांना टाचण्या लावून वाळवलं की नक्षी उमलते. त्याच दुपारी लवकर सुटून शकुनने सायलीच्या पलंगावर चादर घातली आणि गुडघ्यांवर बसून दीडशे टाचण्या लावल्या. पानं एकेक करून उघडायला लागली. सायली दारात येऊन उभी राहिली.

“आई! किती सुंदर झालंय!” मग तिने मान तिरकी केली. “पण हा पान खाली का बघतो?”

शकुनने पाहिलं. पहिली बावीस पानं एकामागोमाग एक, टोकं वर. तेविसावंही वर. चोविसावं खाली. पंचविसावं वर, सव्विसावं खाली. शेवटपर्यंत तसंच.

तिला समजायला एक स्टेशनभर वेळ लागला. बोटांना ओळींचे आकडे माहीतच नव्हते, स्टेशनं माहीत होती. येताना पहिलं लागायचं जतीन दास पार्क आणि शेवटी बेलगाछिया. बोटांनी प्रामाणिकपणे ज्या त्या स्टेशनची ओळ विणली होती, शेवटापासून सुरुवातीकडे. नऊ पानं उलटी. शेवटच्या तीन पानांची घोषणा तर उदयरावांनी केली होती.

“कोणाच्या लक्षात येणार नाही,” उदयराव म्हणाले.

“ताईंच्या?”

 मुख्याध्यापिका बाईंनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांना तांबड्या शाईने गोल केले होते.

उसवायचं म्हटलं तर तेविसाव्या पानापर्यंत मागे. विमान उद्या अकराला. उसवली तर पुन्हा तेवीस पानं, सुया, पिशवी. आणि एप्रिलमध्ये बदल्यांची यादी निघते. शकुनने टाचणीची डबी बंद केली आणि स्वयंपाकाला गेली.

सुलभाताई आल्या. पाणी प्यायल्या. चहा अजून यायचा होता. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच शकुनने शाल त्यांच्या मांडीवर ठेवली. सुलभाताईंनी तोंड मिटलं. शाल उलगडली, खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि एका टोकापासून बोट फिरवत निघाल्या. दहा, पंधरा, वीस. उदयरावांनी छताकडे पाहिलं. बोट चोविसाव्या पानावर थांबलं.

“इथून पानं उलटी कशी?”

“इथवर मी नुसती जात होते, ताई,” शकुन म्हणाली. “इथून पुढे जाऊन येत होते.”

“म्हणजे काय?”

शकुनने सांगितलं. बेहाला, डमडम, किल्ल्या, टोपी, सगळं सांगितलं. टोपीपाशी सुलभाताईंनी भावाकडे वळून एकदा नीट पाहून घेतलं. मग पुन्हा शालीकडे वळल्या.

“कष्ट केलेस, दिसतंय. पण आता एवढं केलंच आहेस तर तेवढी उसवून सरळ कर. मला घाई नाही. पुढच्या वर्षी नेईन.”

आजवर शकुनने ‘हो, करते’ म्हटलं असतं, आणि मग कुठल्या तरी गावच्या ट्रंकेत तीही शाल गेली असती.

“नाही, ताई. संपली ती.”

“अगं, चूक राहिलीय त्यात.”

“राहू दे. चुकीसकट संपली.”

 सायलीने चहा आणला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून उभी राहिली. सुलभाताईंनी शाल उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, शेवटचा धागा कुठे ओवलाय ते शोधलं, सापडला नाही. मग त्यांनी ती खांद्यावर घेतली, उलटी पानं पुढे येतील अशी, आणि कपासाठी हात पुढे केला.

दुपारी जेवतानाही त्यांनी शाल काढली नाही. बाहेर चोवीस अंश होते. शकुन आमटी वाढायला उठली तर म्हणाल्या, “तू बस गं, गरम आहे तोवर जेव. मी घेते माझं.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून त्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. उदयरावांनी घास खाली ठेवला आणि डावा हात बहिणीच्या कपाळाला लावून पाहिला.

“हात काढ रे, उद्या,” सुलभाताई म्हणाल्या, आणि उठून पातेलं स्वतःकडे ओढलं.